आवाज वाढवू नका, खोली शांत करा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला विषय दिलाय ‘घरातलं होम थिएटर : आखणी आणि सजावट’. मी आयुष्यभर अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं, त्यात ध्वनी हा माझा आवडता धडा. शिवाय गेल्या वर्षी आमच्या घरात अशी खोली तयार झाली. या दोन कारणांसाठी माझी निवड झाली असावी. तिसरं कारण सचिवांनी हळूच सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, कमिटीकडे आवाजाच्या तक्रारी वाढल्यात. तुम्ही सजावटीचं बोला, पण तेही जरा बोला.” तर मी दोन्ही बोलणार आहे, कारण ते दोन विषय नाहीतच.

आधी आपल्या इमारतींकडे बघू या. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा मुलांच्या अभ्यासाला खोली हवी म्हणून ओढाताण करून तिसरी खोली घेतली. आता मुलं पुण्यात, मुंबईत, काही परदेशात. ती खोली गणपतीत आणि मे महिन्यात उघडते. एरवी तिथे इस्त्रीचे कपडे, जुना कॉम्प्युटर आणि गाद्यांची चळत. अशा खोलीत काही तरी जिवंत व्हावं असं वाटणं साहजिक आहे.

आमच्याकडे निमित्त झालं सासूबाईंचं. वय ८४. नाटकाची जबरदस्त हौस. सावरकर नाट्यगृहात चांगलं नाटक लागलं की पहिल्या चार रांगांतलं तिकीट ठरलेलं. आता आपल्याला लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि त्यांचे गुडघे जिना मानत नाहीत. म्हणजे नाट्यगृह बंद झालं. टीव्ही लावावा तर म्हणायच्या, “दिसतं गो सगळं, पण काय बोलतात ते कळत नाही.” मग आवाज वाढवायचा. तरी कळत नाही. मग आणखी वाढवायचा. मग खालच्या वहिनींचा फोन.

हा प्रसंग थोड्याफार फरकाने बऱ्याच घरांत घडतो, म्हणून त्यामागचं कारण नीट समजून घेऊ. वय वाढतं तसं आधी उंच पट्टीचं ऐकू येणं कमी होतं. आता बोलण्यातले ‘आ’, ‘ओ’ असे स्वर जाड आणि खालच्या पट्टीचे असतात. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ ही व्यंजनं बारीक आणि उंच पट्टीची. शब्दाचा अर्थ मुख्यतः व्यंजनं पोचवतात. म्हणून म्हातारं माणूस म्हणतं, “ऐकू येतं, पण कळत नाही.” ते शंभर टक्के खरं बोलत असतं. आवाज वाढवला की जे आधीच ऐकू येत होतं तेच जास्त मोठं होतं, आणि बारीक व्यंजनं त्या घुमण्यात बुडून जातात. म्हणजे आजींना फायदा नाही आणि शेजाऱ्यांना ताप मात्र आहे. आज एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी पुरे : आवाज वाढवायचा नाही, खोली शांत करायची. कानांची तपासणी आणि गरज असल्यास श्रवणयंत्र हे तर करायचंच. खोली त्याच्या जागी येत नाही. पण श्रवणयंत्रसुद्धा घुमणाऱ्या खोलीत गडबडतं.

तसं पाहिलं तर सिनेमा आपल्याकडे घरातच वाढला. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला तेव्हा दादरचं त्यांचं घर हाच कारखाना होता. फिल्मच्या कडांना भोकं पाडणं, फिल्म धुणं ही कामं सरस्वतीबाईंनी घरचा सगळा रगाडा सांभाळून केली. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो चित्रपट लागला. पण तो मूकपट! शेजाऱ्यांनी तक्रार करायला जागाच नव्हती. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, पडदा बोलू लागला, आणि आपल्या सचिवांच्या अडचणींचं बीज तिथे पडलं.

आता खोलीकडे वळू. आपल्या तिसऱ्या खोलीचं माप साधारण १० फूट बाय १२ फूट. पहिला प्रश्न, पडदा केवढा? सोपा हिशेब असा : पडद्याच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट अंतरावर बसावं. ५५ इंची टीव्ही म्हटलं की ५५ इंच हे तिरकं माप असतं. रुंदी भरते चार फूट. म्हणजे सहा ते आठ फुटांवर बसायचं. आपल्या खोलीत हे छान बसतं. १०० इंची पडदा आणि प्रोजेक्टर घेतला तर रुंदी सव्वासात फूट होते, म्हणजे निदान अकरा फूट मागे बसायला हवं. १२ फुटी खोलीत तुमची पाठ भिंतीला टेकली! आणि भिंतीला टेकून बसलं की खालच्या पट्टीचा आवाज तिथे फुगतो आणि संवाद आणखी गढूळ होतात. म्हणून आपल्या खोल्यांना ५५ किंवा फार तर ६५ इंच पुरे आहे. मोठा पडदा घेतला म्हणजे मोठा आनंद, असं गणित नाही.

दुसरा प्रश्न उंचीचा. टीव्ही शोकेसच्या वर, देवाच्या तसबिरीसारखा उंच लावायची आपल्याकडे पद्धत आहे. नाटकाच्या पहिल्या रांगेत बसून मान दुखते तशी दुखेल. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत हवा. सोफ्यावर बसणार असाल तर जमिनीपासून साधारण साडेतीन फूट. भारतीय बैठक असेल तर त्याहून एक फूट तरी खाली. आमच्याकडे सासूबाईंची खुर्ची आणि पुढे नातवंडांची गादी अशी दोन उंचींची माणसं. आम्ही खुर्चीची उंची धरली. मुलांच्या माना तरुण आहेत.

स्पीकरबद्दल दुकानात ५.१, ७.१, अ‍ॅटमॉस असे आकडे आणि शब्द तोंडावर फेकतात. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे जाड, धडधडणाऱ्या आवाजाचा डबा. पाचांतला एक पडद्याच्या बरोबर मध्ये, दोन डावी-उजवीकडे, दोन आपल्या बाजूंना किंचित मागे. सिनेमातले बहुतेक सगळे संवाद त्या मधल्या स्पीकरमधून येतात. म्हणून पैसे मोजके असतील तर मधला स्पीकर चांगला घ्या आणि तो कानांच्या दिशेला वळवून ठेवा. कपाटाच्या बंद खणात किंवा शोभेच्या फुलदाणीमागे ठेवू नका. मागचे दोन नंतर घेतले तरी चालतील. सबवूफर सगळ्यात शेवटी, आणि तोही आपल्या इमारतीत हवाच का, यावर पुढे बोलते.

आता शांत खोलीची गोष्ट. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधलं होतं. दिसायला सुरेख, पण बोललेलं काही कळेना. शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहायचा, तोवर पुढचे दहा-पंधरा शब्द त्याच्यावर येऊन पडायचे. ते दुरुस्त करायचं काम वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे आलं. त्याने काय करावं? रात्री सगळं शांत झाल्यावर जवळच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या, त्या सभागृहात मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं. गाद्या वाढवत गेला तसं घुमणं कमी होत गेलं. त्यातून नियम निघाला : खोली जितकी मोठी तितकं घुमणं जास्त, खोलीत आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितकं घुमणं कमी. पुढे त्याच हिशेबावर बॉस्टनचं सिम्फनी हॉल उभं राहिलं.

मंडळी, गाद्या! कोकणातल्या कुठल्या घरात गाद्या नाहीत? गणपतीला दहा-बारा माणसं उतरतात म्हणून आपण वर्षभर गाद्यांची चळत सांभाळतो आणि “किती जागा अडवतात” म्हणून कुरकुरतो. आम्ही त्या पडद्यासमोरच्या, मागच्या भिंतीला उभ्या लावल्या, वरून जाड खादीचं कापड सोडलं. खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली. आधी ‘टण्ण’ अशी उमटायची, ती नुसती ‘टप्’ झाली. त्याच टीव्हीवर, आवाज पहिल्यापेक्षा कमी ठेवून, सासूबाईंना निम्म्याहून जास्त संवाद कळायला लागले. नवा खर्च कापडाचा आणि शिलाईचा. गणपतीत गाद्या काढायच्या, पाहुणे झोपवायचे, विसर्जनानंतर पुन्हा लावायच्या.

असंच बाकीचं सामान. जमिनीवर जाड सतरंजी. खिडकीला दुपदरी पडदे, चुण्या भरपूर. बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट, कारण कमी-जास्त उंचीची पुस्तकं आवाजाला सरळ परत फिरू देत नाहीत. काचेच्या मोठ्या फ्रेमा मात्र काढा. त्या आवाज आणि उजेड दोन्ही परत फेकतात. आमच्याकडे आजेसासूबाईंनी शिवलेली गोधडी होती. ती लाकडी चौकटीत ताणून, मागे चार इंच पोकळी ठेवून बाजूच्या भिंतीवर लावली. येणारा प्रत्येक जण आधी तिच्यासमोर थांबतो. सजावट याहून वेगळी काय असते?

रंगाचं थोडं. पडद्यामागची भिंत गडद आणि बिनचमकीची ठेवा : राखाडी, गडद हिरवी, चिऱ्याच्या रंगाची तांबूस. छत चकचकीत पांढरं नको. दिवा पडद्याच्या समोर नको; टीव्हीच्या मागे मंद दिवा ठेवला तर डोळ्यांना ताण कमी पडतो. वाटेत ठेच लागू नये म्हणून जमिनीलगत एक छोटा दिवा हवाच. घरात वयस्क माणूस असेल तर पिक्चर चालू असतानाही तो बंद करायचा नाही.

आता सचिवांचा विषय. इथे एक गैरसमज आधी दूर करते. गाद्या, पडदे, सतरंजी यांनी खोलीच्या आतलं घुमणं कमी होतं. शेजाऱ्याकडे जाणारा आवाज त्यांनी थांबत नाही. ती दोन वेगळी कामं आहेत. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवले की खोली साउंडप्रूफ होते असं मुलं सांगतात. होत नाही. थर्माकोलनेही होत नाही, वर तो पेट घेतो, म्हणून तो खोलीत नकोच. आवाज अडवायला दोन गोष्टी लागतात : वजन आणि फटी बंद असणं. आपल्या बाहेरच्या भिंती चिऱ्याच्या, चांगल्या जाड, त्यांचं वजन आहे. आवाज पळतो तो दाराखालच्या बोटभर फटीतून आणि खिडकीच्या सैल सरकत्या काचांतून. दाराला खालून रबरी पट्टी, चौकटीला फोमची पट्टी, पोकळ दाराऐवजी भरीव दार. एवढ्याने जिन्यात ऐकू येणारे संवाद बंद होतात.

राहिला तो सबवूफर. २० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट १७ मीटर, म्हणजे पंचावन्न फूट लांब असते. आपली खोली १२ फुटांची. ही लाट पडद्याला, गादीला जुमानत नाही. डबा जमिनीवर असेल तर ती स्लॅबमधून थेट खाली उतरते. खालच्याला संवाद ऐकू येत नाहीत, फक्त छातीत धप् धप् लागतं. आणि अर्थ नसलेला आवाज सहन करणं सगळ्यात कठीण. डब्याखाली जाड रबर ठेवा, तो कोपऱ्यातून आणि सामाईक भिंतीपासून लांब घ्या. कोपऱ्यात तो उगाच जास्त घुमतो. याने फरक पडतो, पण पूर्ण उपाय होत नाही. पूर्ण उपाय म्हणजे बटण आणि घड्याळ.

म्हणून आम्ही भिंतीला पहिलं भोक पाडायच्या आधी एक गोष्ट केली. खालच्या वहिनींकडे गेले आणि म्हटलं, “तुमच्या हॉलमध्ये अर्धा तास बसू का?” वर आमच्या ह्यांना भाड्याने आणलेला सेट लावायला सांगितला होता. फोनवरून सांगत होते, एक वाढवा, दोन कमी करा. वहिनींची मुलगी तेव्हा बारावीला, आतल्या खोलीत अभ्यास करत होती. तिने दार उघडून सांगितलं, “काकू, आत्ताचं चालेल, पण ते धडाम नको.” त्या बटणाच्या आकड्यावर आम्ही लाल खूण केली. फेब्रुवारी-मार्चमध्ये सबवूफरची वायर काढूनच ठेवली. रात्री दहानंतर ‘नाइट मोड’ लावतो. त्यात स्फोटांचा आवाज दबतो आणि कुजबुज वर येते, म्हणजे सासूबाईंचाही फायदा. या अर्ध्या तासाला एक कप चहा लागला, तोही वहिनींचाच.

कायदाही सांगते, म्हणजे कुणी म्हणायला नको की हे नुसतं सौजन्य आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, आपल्या सोसायटीच्याच वयाचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे रात्री आपल्याकडून दिवसाच्या निम्म्या आवाजाची अपेक्षा आहे.

आता आपला पाऊस. तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणाऱ्या गावात पुण्या-मुंबईची सजावट जशीच्या तशी उचलता येत नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला गालिचा जुलैत बुरशीचं शेत होईल. उचलून झटकता येईल, ऑक्टोबरच्या उन्हात टाकता येईल अशीच सतरंजी घ्या. चिरा ओल धरतो. बाहेरच्या भिंतीला प्लायवूड किंवा गाद्या टेकवू नका, गाद्या आतल्या भिंतीला लावा, आणि पावसाळ्यात त्यांना मधूनमधून वारा द्या. टीव्हीचं वजन पेलायला चिऱ्यात मारलेला प्लग सैल होऊ शकतो. त्यापेक्षा खाली मजबूत स्टँड बरा. समुद्र जवळ असल्याने वायरींच्या टोकांना गंज धरतो, वर्षातून एकदा ती साफ करून घ्या. आणि यंत्रं चार महिने झाकून ठेवण्यापेक्षा अधूनमधून लावा. त्यांच्या उबेने आतली ओल जाते. विजांचा कडकडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढायचा, डिशची वायरही काढायची.

वायरमन हा परवानाधारकच आणा. या खोलीला वेगळा एमसीबी, नीट अर्थिंग, आणि एका एक्स्टेंशन बोर्डवर सहा वस्तू नाहीत. बीम आणि कॉलमला हात लावायचा नाही, भिंत पाडायची नाही. कुठलाही बदल करण्याआधी कमिटीची परवानगी घ्यायची, हे आपल्या उपविधीत आहेच. वायरी लॉबीतून किंवा डक्टमधून न्यायच्या नाहीत.

खर्चाचा क्रम सांगून संपवत आणते. आधी टाळी वाजवून खोली ऐका. मग गाद्या, सतरंजी, पडदे. मग दाराच्या फटी. मग वायरिंग. मग मधला चांगला स्पीकर. मग टीव्ही. उरले तर बाकीचे स्पीकर, आणि खालच्यांची संमती असेल तर सबवूफर. दुकानदार हा क्रम बरोबर उलटा सांगेल, कारण गाद्या तो विकत नाही.

कमिटीपुढे एक छोटी सूचना ठेवते. कोणाच्याही घरी अशी खोली होणार असेल तर परवानगीच्या अर्जासोबत वर, खाली आणि बाजूला राहणाऱ्यांची सही असावी. पण ती सही नुसती कागदावरची नको. त्यांच्या घरी पंधरा मिनिटं बसून, आवाज ऐकून, मग घेतलेली सही हवी. शिवाय परीक्षेचे दिवस, घरातलं आजारपण, तान्हं बाळ या काळात शेजाऱ्याने सांगितलं की सबवूफर बंद, त्यावर चर्चा नाही. भांडण कमिटीपर्यंत येण्याआधीच जिन्यात मिटेल.

शेवटचं. नाटक किंवा सिनेमा माणूस एकट्याने फारसा बघत नाही. बाजूला कुणी तरी हसलं की आपलं हसू मोठं होतं. आमच्या खोलीत सहा जण बसतात. दर रविवारी दुपारी चार वाजता सासूबाईंच्या आवडीचं एक जुनं नाटक किंवा चित्रपट असतो, आणि ज्यांना जिने उतरवत नाहीत अशा आमच्या मजल्यावरच्या दोन आज्या तेव्हा येतात. खालच्या वहिनीही येतात. मुलगी आता इंजिनिअरिंगला गेली, त्यांचीही एक खोली रिकामी झालीय. तेव्हा ज्यांच्याकडे अशा खोल्या आहेत त्यांनी त्या उघडा, सजवा, माणसं बोलवा. फक्त टाळी आधी वाजवून बघा.